लक्षद्वीपला जायचंय? आधी पाण्यावर पडून राहायला शिका

परवाना, जहाजाचं तिकीट, कॅमेऱ्याचं कव्हर, हे सगळं नंतर. आधी जवळच्या तरण तलावात जा आणि पालथं पडून, हातपाय न मारता, पाच मिनिटं पाण्यावर पडून राहायला शिका. तोंड पाण्यात, श्वास स्नॉर्कलच्या नळीतून, अंग सैल. वेगानं पोहता आलं नाही तरी चालेल, पण हे जमायलाच हवं. ज्याला जमत नाही तो दोन मिनिटांत दमतो, घाबरतो आणि पाय खाली सोडतो. लक्षद्वीपच्या पाण्यात पाय टेकतो तिथे खाली बऱ्याचदा जिवंत पोवळं, म्हणजे प्रवाळ, असतं. टाचेखाली तुटलेली एक फांदी पुन्हा तेवढी व्हायला वर्षं जातात.

मी प्राणिशास्त्र शिकवते. थंडीच्या सुट्टीत विद्यार्थी, मैत्रिणी, कधी त्यांच्या घरचे असा लहानसा गट घेऊन या बेटांवर जाते. निघण्याआधी सगळे मला विचारतात, ‘परवाना कसा मिळतो?’ मी त्यांना विचारते, ‘तरंगता येतं का?’ जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आल्यापासून ओळखीतल्या प्रत्येकाला लक्षद्वीप बघायचं आहे. जरूर बघावं. पण तयारीनं जावं, म्हणून सविस्तर लिहिते.

परवाना आणि बेटाची निवड

लक्षद्वीपची बेटं ३६ मोजतात, पण वस्ती फक्त १० बेटांवर आहे. सगळी जमीन एकत्र केली तर जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. लगूनचं, म्हणजे बेटाजवळ पोवळ्यांच्या भिंतीआड अडलेलं, उथळ पाणी मात्र सुमारे ४२०० चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती. मूळचे रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्या एवढ्याशा जमिनीवर बाहेरून लोंढा येऊ नये म्हणून १९६७ पासून प्रवेशाचे आणि राहण्याचे वेगळे नियम आहेत. आपण भारतीय असलो तरी परवाना लागतो आणि तो लागावा असंच माझं ठाम मत आहे.

अर्ज ऑनलाइन करता येतो. ओळखपत्र, फोटो आणि आपल्या पोलीस ठाण्याचा पडताळणी दाखला तयार ठेवा. वेळ खातो तो हा दाखला, म्हणून सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा. कागदपत्रांचे तपशील मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावर जे लिहिलं असेल तेच खरं धरा. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांची यादी कामाची नाही.

परवाना बेटाच्या नावानं मिळतो. म्हणजे कुठलं बेट हे आधी ठरवावं लागतं, आणि बरेचजण इथेच गडबडतात. चार दिवसांत चार बेटं ‘करायची’ असतात त्यांना. माझा सल्ला एकच: एक बेट निवडा आणि तिथेच राहा. रोज त्याच पाण्यात उतरलात तर तिसऱ्या दिवशी तुम्हाला मासे ओळखीचे वाटायला लागतात, अमुक खडकाखाली अमुक राहतो हे कळायला लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी अगत्ती सोयीचं. विमानतळ तिथेच आहे, लगून शांत आणि कासवांसाठी प्रसिद्ध. बंगाराम आणि तिन्नकरा ही बेटं तिथून होडीनं गाठता येतात. ज्यांना डायव्हिंग शिकायचं आहे त्यांनी कडमत बघावं. सुमारे ९ किलोमीटर लांब आणि सगळ्यात रुंद जागीही अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असलेली ती एक पांढरी पट्टी आहे. कवरत्ती राजधानी, त्यामुळे दवाखाना, बाजार, सरकारी कचेऱ्या जवळ. मिनिकॉय सगळ्यांपेक्षा वेगळं. ते दक्षिणेला एकटं पडलेलं आहे, तिथली माणसं मालदीवच्या भाषेची बहीण असलेली महल भाषा बोलतात, आणि तिथल्या दीपगृहात १८८५ पासून दिवा आहे. ज्यांना वेळ कमी आहे किंवा बरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांच्यासाठी प्रशासनाची ‘समुद्रम’ नावाची जहाजाची सहल बरी: दिवसा बेटावर, रात्री जहाजात. पाण्याखाली वेळ मात्र तिच्यात कमी मिळतो.

कधी आणि कसं

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, जहाजं कमी होतात आणि लहान होड्या लगूनबाहेर पडत नाहीत. मला स्वतःला जानेवारी-फेब्रुवारी आवडतात. पाणी स्वच्छ, ऊन सोसवेल इतपत. एप्रिल-मेमध्ये समुद्र आरशासारखा स्थिर असतो खरा, पण पाणी सगळ्यात गरम तेव्हाच असतं, आणि पोवळ्यांसाठी तेच दिवस कसोटीचे.

विमान कोचीहून अगत्तीला जातं, साधारण दीड तास. तिथली धावपट्टी सुमारे १२०० मीटरची, म्हणून विमान लहान आणि सामानाची मर्यादाही लहान. फिन्सची, म्हणजे पोहताना पायात घालायच्या पंखांची, जोडी घ्यायची असेल तर कपडे कमी करा.

शक्य असेल तर एका बाजूनं तरी जहाजानं जा. महाराष्ट्रातून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस किंवा नेत्रावती पकडली की एर्नाकुलम. तिथून विलिंग्डन बेटावरचा धक्का जवळ आहे. जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास लागतात, मिनिकॉयला जास्तही. एक गोष्ट लक्षात ठेवा. ही जहाजं मुळात पर्यटकांसाठी नाहीत, ती बेटावरच्या लोकांची एसटी आहे. कुणी कोचीच्या इस्पितळातून परत चाललेलं असतं, कुणाची परीक्षा असते, कुणी बहिणीच्या लग्नाचं सामान घेऊन निघालेलं असतं. तेव्हा ‘राहू दे असू दे’ म्हणून दोन तारखांची तिकिटं काढून ठेवू नका. बेत रद्द झाला तर तिकीट लगेच रद्द करा. परतीच्या प्रवासात कोचीला दोन दिवस मोकळे ठेवा. हवा बिघडली की वेळापत्रक सरकतं आणि त्याला कुणाचा इलाज नसतो.

जहाज लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जेवण हलकं घ्या, वर डेकवर उभं राहा, नजर क्षितिजावर ठेवा. फोनमध्ये डोकं घातलंत की संपलं.

आता सगळ्यात नाजूक भाग, जहाजातून होडीत उतरणं. प्रवाळभिंतीमुळे मोठं जहाज बऱ्याच बेटांच्या जवळ येऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं, त्याच्या कुशीतलं एक दार उघडतं आणि खाली होडी येऊन लागते. लाट आली की होडी दाराच्या पातळीला येते, लाट गेली की हातभर खाली जाते, कधी त्याहून जास्त. होडीतली दोन माणसं तुमची मनगटं धरायला हात वर करून उभी असतात. इथे नियम एकच: दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स नाही, फोन नाही, कडेवर बाळ नाही. बाळ आणि सामान ते वेगळं घेतात, आणि फार सराईतपणे घेतात. होडी वर येत असताना घाई करू नका. ती सगळ्यात वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हा पाऊल टाकायचं. आमच्या ओळखीचे एक होडीवाले प्रत्येकाला आवाज देतात, ‘टीचर, अभी नहीं... अभी नहीं... अब!’ त्या ‘अब’वर विश्वास ठेवा. स्वतःचं डोकं चालवू नका. साडी किंवा घोळदार कपडे त्या दिवशी नकोत, चप्पल पट्ट्याची हवी.

लगून वाचायला शिका

बहुतेक बेटांची रचना सारखी असते. बेट प्रवाळवलयाच्या पूर्व कडेवर, पश्चिमेला लगून, आणि लगूनच्या पलीकडे प्रवाळभिंत, जिच्यावर नैऋत्य मोसमी लाटा फुटतात. त्या भिंतीनं लाटा अडवल्या म्हणून तिच्या आडोशाला वाळू साठली आणि वाळू साठली म्हणून बेट उभं राहिलं. अँड्रोथसारखे अपवाद आहेत, त्याला लगून नसल्यासारखंच आहे. पण अगत्ती, कवरत्तीला सकाळी किनाऱ्यावर उभं राहून पाहिलंत तर दूरवर पांढरी रेघ हलताना दिसेल, ती ही भिंत.

लगूनमध्ये पाण्याचा रंग बघून खोली कळते. फिकट पोपटी म्हणजे खाली वाळू, तपकिरी डाग म्हणजे पोवळ्यांचे खडक किंवा समुद्री गवत, गडद निळी पट्टी म्हणजे खोल वाट. जिथून होड्या ये-जा करतात त्या तोंडापासून लांब राहा. ओहोटीला अख्ख्या लगूनचं पाणी तिथून बाहेर धावतं आणि चांगला पोहणाराही त्याच्याशी झगडू शकत नाही. पाण्यात उतरायला भरती चढत असतानाची वेळ उत्तम. पाणी बाहेरून आत येतं, स्वच्छ असतं, आणि खडकांवर इतकं पाणी असतं की पोट घासत नाही. भरतीच्या वेळा गावातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा.

मास्क घरूनच स्वतःचा न्या. तो नीट बसतो का हे बघायची साधी पद्धत आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हवा आत ओढा, हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. केस कडेखाली येऊ देऊ नका. मिशी असेल तर मास्कची खालची कड जिथे टेकते तेवढी कातरा, नाहीतर सारखं पाणी झिरपत राहील. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात विसळली तरी पुरते. सनस्क्रीन अंगभर थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लांब लेगिंग घाला. पाठ आणि पोटऱ्या पालथं पडल्यावर सगळ्यात जास्त भाजतात. आणि क्रीममधली काही रसायनं, विशेषतः ऑक्सिबेन्झोन, पोवळ्यांच्या पिल्लांना घातक आहेत.

लाइफ जॅकेट घालायची लाज वाटू देऊ नका. ते घातलं की पाय खाली सोडायचा मोह होत नाही.

एका खडकापाशी वीस मिनिटं

आता माझ्या आवडीचा भाग. लगूनमध्ये वाळूच्या पटांगणात मधेच पोवळ्याचा एखादा सुटा खडक असतो, एखाद्या छोट्या खोलीएवढा. तोच निवडा. त्याच्यापासून दोन हात लांब, वर तरंगत, वीस मिनिटं थांबा. पहिली दोन मिनिटं काही दिसणार नाही, कारण तुमची सावली पडल्याबरोबर सगळे आत गेलेले असतात. मग फांद्यांमधून बोटाएवढे निळसर हिरवे मासे एकदम बाहेर येतात. तुमचा हात हलला की सगळेच्या सगळे आत. हलला नाही की पुन्हा बाहेर.

कान द्या. कुरुम कुरुम असा आवाज येईल. तो पोपटमाशाचा. त्याचे दात चिकटून चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीनं तो मेलेल्या पोवळ्यावरचं शेवाळ खरवडतो, त्याबरोबर दगडही खातो आणि तो दळून बारीक पांढरी वाळू मागे सोडतो. मागे गेलात तर सोडतानाही दिसेल. बेटाच्या किनाऱ्यावर तुम्ही ज्या वाळूत बसता तिचा मोठा वाटा अशा माशांच्या पोटातून गेलेला आहे. शिवाय तो शेवाळ खातो म्हणूनच नव्या पोवळ्याला बूड टेकायला जागा मिळते. हा मासा ताटात घ्यायचा नाही, हे मी माझ्या गटाला आधीच सांगून ठेवते.

खडकाच्या एका कोपऱ्यात बोटाएवढा, काळ्या-निळ्या पट्ट्याचा मासा नाचल्यासारखा वर-खाली होताना दिसेल. तो सफाईवाला. मोठे मासे त्याच्यापाशी येऊन चक्क थांबतात, तोंड उघडतात, कल्ले फुगवतात, आणि हा त्यांच्या तोंडात शिरून परजीवी वेचून खातो. एक गेला की दुसरा पुढे येतो. तुम्ही मधे आलात तर सगळे पांगतात, म्हणून लांबूनच.

खाली वाळूत भोक दिसलं तर तिथेही बघा. भोकाच्या तोंडाशी एक छोटा गोबी मासा राखणीला बसलेला असतो, आणि आतून एक कोळंबी बुलडोझरसारखी वाळू ढकलत येते. तिला नीट दिसत नाही. ती बाहेर येताना आपली एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि त्याच क्षणी दोघंही आत. बीळ तिचं, डोळे त्याचे. वर्गात हे सहजीवनाचं उदाहरण मी किती वर्षं शिकवलं, पण ती मिशी माशाच्या अंगावर टेकलेली प्रत्यक्ष दिसली तेव्हा मी पाण्यात श्वास घ्यायची थांबले होते.

महाकाय शिंपला दिसला तर त्याच्यावर सावली पाडू नका. त्याच्या निळ्या-जांभळ्या ओठांवर प्रकाश टिपणारे ठिपके असतात, सावली पडली की तो मिटतो. ओठांच्या पेशींमध्ये शेवाळ राहतं, त्याला ऊन हवं असतं. मिटलेला शिंपला म्हणजे तेवढा वेळ त्याचं जेवण बंद.

आणि फुलपाखरू मासे. ते बहुतेक जोडीनं फिरतात. लक्षद्वीपचा तो अधिकृत प्राणी आहे. त्याच्या अनेक जाती जिवंत पोवळ्याचेच जीव खुडून खातात, त्यामुळे पोवळं मेलं की तेही कमी होतात. एखाद्या खडकाची तब्येत मला आधी त्यांच्यावरून कळते.

कासवं आणि गवत

अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं दिसतात. दिसल्यावर पाठलाग करू नका. बाजूला, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, स्थिर राहा. त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि त्याच वेळी चार जणांनी गराडा घातला तर ते श्वास न घेता खाली जातं. हात लावणं, पाठीवर धरणं हा गुन्हा आहे.

कासव दिसलं की सगळे खूश होतात, पण तिथली गोष्ट एवढी सोपी नाही. पूर्वी बेटांवर कासवं मारत, त्यांचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत. संरक्षण मिळाल्यावर ती वाढली, हे चांगलंच झालं. पण त्यांना आवर घालणारे मोठे शार्क कमी झालेले. अगत्तीत इतकी कासवं जमली की त्यांनी समुद्री गवताची कुरणं खरवडून संपवली. गवतात वाढणारी लहान मासळी कमी झाली आणि मच्छीमार कासवांवर चिडले. गवत संपल्यावर कासवांचे मोठे कळप दुसऱ्या लगूनकडे वळले. संशोधक हे वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत. तेव्हा एखादा मच्छीमार कासवाबद्दल कडवट बोलला तर त्याला शिकवायला जाऊ नका. त्याचं ऐकून घ्या, त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

इथली मासेमारी जगाला दाखवावी अशी आहे. कुपा, म्हणजे ट्यूना मासा, पकडायला ट्रॉलरचं जाळं नसतं. लगूनमध्ये पकडलेले छोटे मासे जिवंत नेऊन समुद्रात फेकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात, आणि कुप्यांचा थवा उसळला की बांबूच्या काठीला बांधलेल्या गळानं एकेक मासा उचलून होडीत टाकतात. कासव अडकत नाही, डॉल्फिन अडकत नाही. मिनिकॉयला गेलात तर उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवलेला कुपा मिळतो, त्याला तिथे ‘मास’ म्हणतात. तो नक्की घ्या. घरी आणायला यापेक्षा चांगली वस्तू तिथे नाही.

काय टाळायचं

माणसाला त्रास देणारे प्राणी इथे थोडे आहेत, आणि त्रासही बहुधा आपण हात लावल्यावरच होतो. सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर तो विषारी बाण मारतो, म्हणून कुठलाच शंख उचलायचा नाही. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश वाळूत आणि खडकात बसलेला असतो, त्याच्या पाठीच्या काट्यांत जबर विष असतं. म्हणून पाण्यात जाड तळव्याचे बूट हवेत. तसा काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरा आणि लगेच दवाखाना गाठा. वाळूत चालताना पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या. खाली पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसली असेल तर ती आधीच निघून जाते. मोठा ट्रिगरफिश घरट्यावर असेल तर अंगावर येतो. त्याचा इलाका घरट्यापासून वरच्या बाजूला फाकत गेलेला असतो, म्हणून वर पळू नका, आडवं पोहत दूर जा. लगूनमधल्या लहान मुशींना, म्हणजे छोट्या शार्कना, घाबरायचं कारण नाही, त्याच तुम्हाला घाबरतात.

पोवळं, महाकाय शिंपला, समुद्रकाकडी, कासव, समुद्रघोडा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. किनाऱ्यावर पडलेला मेलेला पोवळ्याचा तुकडासुद्धा उचलायचा नाही, परतताना सामान तपासतात. समुद्रकाकडी दिसायला काहीच नाही, वाळूत पडलेली जाड काळी वांगी वाटतात. पण ती वाळू गिळून त्यातला कुजका भाग खाते आणि स्वच्छ वाळू बाहेर टाकते. परदेशात तिला मोठी किंमत मिळते म्हणून तस्करी फार झाली. २०२० मध्ये चेरियापाणी या प्रवाळभिंतीच्या भागात २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र खास तिच्यासाठी जाहीर झालं. कवरत्तीजवळच्या पिट्टी या वाळूच्या बेटावर समुद्रपक्षी जमिनीवरच अंडी घालतात. तिथे ‘जरा लांबून बघून येऊ’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. पक्षी उडाले की अंडी उन्हात भाजतात.

गावात वागताना

बेटांवर दारू चालत नाही, बंगारामचा अपवाद सोडून. गाव मुस्लिम आहे, माणसं अगत्यशील आणि सभ्य आहेत. पोहण्याच्या कपड्यांवर गावातून फिरू नका, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, शुक्रवारी दुपारी कामं होण्याची अपेक्षा ठेवू नका. रोख पैसे पुरेसे न्या. नेहमीची औषधं दोन आठवड्यांची न्या, कारण गंभीर रुग्णाला तिथून हेलिकॉप्टरनं कोचीला हलवावं लागतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

पाणी जपून वापरा. बेटांवर नदी नाही. पावसाचं गोड पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं, जास्त उपसलं की विहिरी खाऱ्या होतात. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या वरच्या कोमट आणि खोलातल्या गार पाण्याच्या तापमानातल्या फरकावर चालणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा. तरीही समुद्रावरून आल्यावर अर्धा तास शॉवर घेणं तिथे शोभत नाही, एक बादली पुरते. आणि कचरा. बाटल्या, वेष्टनं, डायपर, बॅटऱ्या, जे नेलं ते सगळं परत आणा. एवढ्या चिंचोळ्या जमिनीवर ते पुरायचं कुठे?

पोवळी पांढरी दिसली तर

हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोवळ्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं, रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडून मिळतं. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानं जास्त गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं की पोवळं हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवळलं तर सावरतं, नाहीतर मरतं आणि त्याच्यावर शेवाळाची मळकट साय चढते. लक्षद्वीपमध्ये असं मोठ्या प्रमाणावर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये झालं. अगत्ती, कडमत आणि कवरत्तीला वीस वर्षांहून जास्त काळ मोजणी करणाऱ्या संशोधकांना जिवंत पोवळ्यांचं आच्छादन १९९८ च्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आलेलं आढळलं. गोल, दगडासारखी पोवळी वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. दोन तापांच्या मधे सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही, हा खरा घोर आहे.

म्हणून काही ठिकाणी तुम्हाला जाहिरातीतला रंगीत बगीचा दिसणार नाही. करड्या फांद्यांचा ढीग दिसेल. तिथून लगेच निघून जाऊ नका. त्या ढिगावर नखाएवढी नवी पोवळी धरलेली असतात, जांभळट, कडेला फिकट. ती शोधा. त्यांच्याच जागेवर कुणी पाय टेकू नये म्हणून मी तरंगायचा एवढा आग्रह धरते. फिन्सनं वाळू उडाली तरी ती गुदमरतात, त्यामुळे पाय हळू आणि पाण्याच्या वरच्या थरातच हलवा.

परतताना

डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास, विमानात बसू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो आणि त्यानं सांधे, मज्जारज्जू कायमचे दुखावू शकतात. म्हणून शेवटचा दिवस गावासाठी ठेवा: कुप्याच्या होड्या परततात ती संध्याकाळ, काथ्या वळणाऱ्या बायका, विलायती फणसाची झाडं.

सामान भरताना मुलांचे खिसे आणि बॅगांचे बाहेरचे कप्पे तुम्ही स्वतः तपासा. शंख, पोवळ्याचे तुकडे, वाळूची बाटली, जे निघेल ते किनाऱ्यावर भरतीच्या रेषेशी परत ठेवून या, खोलीच्या कचरापेटीत टाकू नका. रिकामे शंख साधू खेकडे घर म्हणून वापरतात, आणि मोठं होणाऱ्या खेकड्याला मोठा शंख मिळाला नाही तर त्याची वाढ खुंटते. मुलांना त्या रेषेपाशी थोडा वेळ बसू द्या. अंधार पडायच्या सुमाराला खेकडे शंख बदलायला बाहेर येतात.